पाण्यातील उडी आणि काठाची वाट

मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे मुळशी तालुक्यातील ओढे, नाले आणि कडेकपारींतील धबधबे एकाएकी जागे होतात. पौडजवळून वाहणारी मुळा गढूळ पाण्याने भरून येते, कोळवण खोऱ्यातील ओढे दुथडी वाहू लागतात, आणि ताम्हिणीच्या बाजूस तर रस्त्याच्या कडेलाच पाणी कोसळत असते. या दिवसांत पाण्याचे वेड सर्वांसच लागते. मुलांस ते अधिक लागते. उंच खडकावर उभे राहावे, खाली दिसणाऱ्या डोहात स्वतःस झोकून द्यावे आणि क्षणभरात डोके वर काढून काठावरच्या सोबत्यांकडे विजयी मुद्रेने पाहावे, ही इच्छा खेड्यातील बहुतेक मुलांच्या मनात केव्हा ना केव्हा उत्पन्न होते. तिच्याकडे डोळेझाक करणे अथवा तिच्यासाठी नुसते रागे भरणे, यांपैकी कोणत्याही गोष्टीचा उपयोग होत नाही. उडीत आनंद कशाचा आणि धोका नेमका कोठे, हे शिक्षकास स्वतःस नीट उमगले असेल तरच त्याचे बोलणे मुलांस पटेल.

पाण्यात उडी टाकण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. बाळकृष्णाने कदंबाच्या झाडावरून कालियाच्या डोहात टाकलेली उडी कीर्तनांतून व चित्रांतून घरोघरी पोचलेली आहे. विनायक दामोदर सावरकर यांनी ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीच्या गवाक्षातून मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली, ते पोहत जाऊन धक्क्यावर चढले आणि तेथे पकडले गेले, ही हकीगत मुले आजही डोळे विस्फारून ऐकतात. सांगलीस कृष्णेला पूर आला की १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलावरून उड्या घेणारे तरुण आणि त्यांना पाहावयास जमलेली गर्दी हे दृश्यही अनेकांच्या परिचयाचे आहे.

परंतु खेड्यातील मुलाची खरी शाळा म्हणजे मळ्यातील विहीर. पाठीस वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधून वडीलधाऱ्याने मुलास पाण्यात सोडावे, चार दिवसांनी भोपळा काढून घ्यावा, मग मुलाने खालच्या पायरीवरून, पुढे वरच्या पायरीवरून आणि शेवटी थारोळ्यावरून उडी घ्यावी, असा तो क्रम असे. गुडघे पोटाशी घेऊन मारलेला मुटका आणि हात पुढे करून मारलेला सूर यांतील फरक मुलास कोणी पुस्तकातून शिकविला नाही. या शिक्षणात धाक होता, थट्टा होती, पण एक मोठी सोयही होती. विहिरीत पाणी किती पुरुष आहे हे सर्व गावास ठाऊक असे. ते पाणी एका जागी उभे असे. आणि बाहेर येण्यास दगडी पायऱ्या किंवा निदान हातापायांस सवयीच्या झालेल्या कपारी असत. ज्या मुलाने पाण्याची ओळख अशा विहिरीत करून घेतली त्याला या तीन गोष्टी इतक्या स्वाभाविक वाटू लागतात की त्या पाण्याबरोबर सर्वत्र असणारच, असे तो न कळत गृहीत धरतो. धबधब्याच्या कुंडात यांपैकी एकही गोष्ट असेलच असे नाही, आणि बहुतेक अनर्थांचे मूळ या ठिकाणी आहे.

प्रथम आनंदाचा विचार करू. उडी टाकणारा जोवर हवेत असतो तोवर त्याच्या पायांखाली काहीच नसते, आणि म्हणून स्वतःचे वजनच नाहीसे झाल्याची विलक्षण जाणीव त्यास होते. पोटात गोळा येतो, छाती धडधडते. भयाच्या क्षणी मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते, त्याने नाडी जलद होते आणि सर्व इंद्रिये सावध होतात. लगेच गार पाण्याचा स्पर्श, मग वर येऊन घेतलेला पहिला श्वास. भयातून सुटका होण्याचे हे सुख खरे आहे, आणि ते नाकारणाऱ्या शिक्षकावर मुलांचा विश्वास बसणार नाही. त्यात काठावर उभ्या असलेल्या सवंगड्यांची भर पडते. दहा ते अठरा या वयात एकटा मुलगा जे करण्यास कचरतो ते तो चारचौघांच्या डोळ्यांदेखत सहज करून बसतो. ‘भित्रा’ हा एक शब्द ऐकावा लागू नये एवढ्यासाठी मुले कड्यावरून उतरलेली आहेत.

हा सारा प्रसंग घडण्यास किती वेळ लागतो? पाच मीटर, म्हणजे सुमारे सोळा फूट उंचीवरून पडणारी वस्तू एका सेकंदात पाण्यास लागते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. दहा मीटरांवरून हा वेग ताशी ५० किलोमीटर आणि वीस मीटरांवरून ७१ किलोमीटर होतो. वरच्या इयत्तांतील मुलांस हे गणित करून दाखविण्यासारखे आहे. ज्या विहिरीत किंवा दरीत माणसे नाहीत तेथे वरून खडा सोडावा व पाण्याचा आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत. एका सेकंदास पाच मीटर, दोन सेकंदांस वीस मीटर. वेळ दुप्पट झाली की उंची चौपट होते, हे मुलांच्या ध्यानी आले म्हणजे ‘अजून थोडे वरून’ या शब्दांचा अर्थ त्यांस निराळा वाटू लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलवरून कोणी आपणहून उडी टाकीत नाही.

पाणी मऊ असते, तेव्हा त्यात पडून काय लागणार, अशी समजूत सर्वत्र आढळते. पाणी मऊ असते ते त्यास बाजूला सरावयास अवसर मिळाला तर. पाय खाली, शरीर ताठ आणि हात अंगाशी अशा स्थितीत पडणारा मनुष्य पाण्यास थोड्या जागेत भेदून जातो. पोटावर, पाठीवर किंवा बसल्या स्थितीत पडणाऱ्यास तेच पाणी फळीसारखे लागते. कानाचे पडदे फाटणे, बरगड्या मोडणे, कण्यास इजा होणे, श्वास कोंडून काही क्षण हातपाय न हलणे, हे सर्व खोल आणि स्वच्छ पाण्यातही घडते. ते काही क्षणच प्राण घेण्यास पुरेसे असतात.

याहून भयंकर दुखापत उथळ पाण्यात सूर मारल्याने होते. डोके तळाच्या खडकावर आपटते, आणि मागून येणाऱ्या सबंध शरीराचा भार मानेच्या सात मणक्यांवर पडतो. मणका मोडून त्यातून जाणारा मज्जारज्जू चेंगरला गेला तर हात आणि पाय दोन्ही कायमचे लुळे पडू शकतात. यासाठी मोठी उंची लागत नाही. बांधावरून किंवा घाटाच्या पायरीवरून गुडघाभर पाण्यात मारलेला सूरही पुरतो. म्हणून अपरिचित पाण्यात डोके पुढे करून कधीही जाऊ नये, हा नियम मुलांच्या अंगवळणी पडला पाहिजे. येथे दृष्टिभ्रमाचाही उल्लेख करावयास हवा. स्वच्छ पाण्याचा तळ वरून पाहता खऱ्या खोलीच्या सुमारे तीनचतुर्थांश अंतरावर दिसतो. चार फूट पाणी तीन फूट भासते. कमरेइतके वाटलेले पाणी छातीपर्यंत येते आणि पोहता न येणारे मूल फसते. पावसाळ्यातील गढूळ पाणी तर तळ दाखवीतच नाही.

जगात उंच कड्यांवरून उड्या घेणारे लोक आहेत, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आपली मुले त्यांस रोज पाहतात. मेक्सिकोतील अकापुल्को येथे ला केब्राडा नावाच्या सुमारे ३५ मीटर उंच कड्यावरून समुद्राच्या अरुंद चिंचोळीत सूर मारणारे पट्टीचे पाणबुडे १९३४ पासून प्रसिद्ध आहेत. लाट आत शिरली म्हणजे त्या चिंचोळीतील पाणी वाढते व परतली म्हणजे उतरते. म्हणून ते लाटेचा वेळ साधून उडी घेतात. बोस्नियातील मोस्तार गावी नेरेत्वा नदीवर १५६६ साली बांधलेला दगडी पूल १९९३ च्या युद्धात पडला व २००४ साली पुन्हा उभा राहिला. वीस मीटरांहून अधिक उंचीच्या त्या पुलावरून दर उन्हाळ्यात उड्यांची स्पर्धा होते. जागतिक जलक्रीडा स्पर्धांत २०१३ साली बार्सिलोना येथे उंच उडीचा प्रथम समावेश झाला. त्यात पुरुषांसाठी २७ मीटर व स्त्रियांसाठी २० मीटर उंची असते, आणि तीत स्पर्धक पाण्यात पायांवर उतरतात, डोक्यावर नव्हे. उडी पडताक्षणी पाण्यात सज्ज असलेले पाणबुडे स्पर्धकापाशी पोचतात. पडद्यावर उडी तेवढी दिसते. मोजलेले पाणी, वर्षानुवर्षांचा सराव आणि खाली वाट पाहणारी माणसे दिसत नाहीत, किंवा दिसली तरी मुलांचे लक्ष तिकडे जात नाही.

आता आपल्या तालुक्यातील गोष्ट. जून २०२४ च्या अखेरीस ताम्हिणी घाटातील प्लस व्हॅली येथे एका पुरुषाने धबधब्याच्या कुंडात उडी घेतली. तो व्यायामाने कमावलेल्या शरीराचा होता आणि पाण्यास भिणारा नव्हता. त्याची उडी चुकली नाही. तो पाण्याबाहेर डोके काढून वर आला, पोहत कडेच्या खडकापर्यंत पोचला, खडक धरण्याचा त्याने प्रयत्न केला. पण हात टिकला नाही, आणि प्रवाहाने त्यास पुढच्या उतारावर ओढून नेले. सोबत्यांनी घेतलेले त्या प्रसंगाचे चित्रण पुढे सर्व देशाने पाहिले. मृतदेह घाटाखाली रायगड जिल्ह्यात सापडला. त्याच सुमारास, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांनी तर उडीही टाकली नव्हती, ते पाण्यात उभे होते.

ताम्हिणीच्या प्रसंगाचा शिक्षकांनी शांतपणे विचार करावा. उडी पार पडली होती. उंची, पाण्याची खोली, पोहणाऱ्याचे बळ यांपैकी कशातही उणीव नव्हती. उणीव होती ती बाहेर येण्याच्या वाटेची. सह्याद्रीचा खडक हा काळा बेसाल्ट आहे. त्याच्यावरून हजारो पावसाळे वाहिलेल्या पाण्याने तो काचेसारखा गुळगुळीत केलेला असतो, आणि पाणी लागत असेल तेथे त्यावर शेवाळ धरते. गोटे भोवऱ्यात फिरून फिरून खडकात रांजणासारखे खड्डे पाडतात. पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहावयास दूरदूरचे लोक येतात. तसलेच लहानमोठे खळगे घाटातील ओढ्यांतही असतात. त्यांच्या कडा आत वळलेल्या, भिंती उभ्या, आणि धरावयास ना पायरी ना मूळ. कोरड्या दिवशी त्यात उतरलेल्या मनुष्यासही वर चढण्यास कोणाचा तरी हात लागतो.

त्यात कोसळणाऱ्या पाण्याची करणी निराळी. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी हवा घेऊन खाली जाते, म्हणून तेथे शुभ्र फेस दिसतो. फेसाळ पाण्यात निम्मे बुडबुडे असले तर ते मनुष्यास नेहमीच्या निम्म्यानेच उचलून धरील. चांगला पोहणाराही त्यात तरंगू शकत नाही. शिवाय वरून पडलेले पाणी तळाशी जाऊन काही अंतरावर वर येते आणि त्याचा काही भाग पुन्हा धारेकडे परततो. या घुसळणीत सापडलेला मनुष्य हातपाय मारीत त्याच जागी फिरत राहतो. कुंडाच्या दुसऱ्या टोकास पाणी ओसंडते तेथे ते उथळ दिसते, पण त्या ठिकाणी त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो भरते. गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यात प्रौढ मनुष्याचा पाय ठरत नाही तो याच कारणाने.

आणखी एक गोष्ट पौड परिसरातील मुलांस विशेष करून सांगावयास हवी. नदी काल होती तशीच आज आहे, असे समजू नये. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात टाटांनी बांधलेल्या मुळशी धरणाचे पाणी एरवी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. पण पावसाळ्यात धरण भरत आले म्हणजे जादा पाणी मुळेत सोडावे लागते. त्या वेळी पौडास ऊन पडलेले असले तरी नदी चढते. घाटमाथ्यावरील ओढ्यांचेही तसेच. वरच्या डोंगरावर सर कोसळली की खाली अर्ध्या तासात पाणी तांबूस होते, त्यात काड्या-पाने वाहू लागतात आणि आवाज बदलतो. या तीन खुणा दिसताच काठ सोडून वर चढावे, हे मुलास झोपेतही आठवले पाहिजे.

जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशी, मावळ व इतर तालुक्यांतील अशा स्थळी खोल पाण्यात उतरण्यास व पोहण्यास मनाई करणारे आदेश काढले. असे आदेश आवश्यक आहेत. तथापि फलक वाचतो तो परगावचा पाहुणा, आणि तोही नेहमी वाचतो असे नाही. गावच्या मुलास तो फलक आपल्यासाठी नाहीच, असे वाटते. येथे एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट घडते. शनिवार-रविवारी पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून आलेली मंडळी काठावर उभी असतात. गावचा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्या देखत खडकावरून उडी घेतो व हसत वर येतो. उडी कोठून टाकावी, कोणत्या कपारीत बोटे रोवावीत, हे त्याला सहा वर्षांच्या सवयीने ठाऊक असते. पाहणाऱ्यास एवढेच दिसते की हे एक लहान मूल करू शकते. मग तो कपडे काढतो. आपल्या उडीने आपण दुसऱ्यास आमंत्रण देत आहोत, ही जाणीव त्या मुलास कोणी करून दिलेली नसते. ती शाळेने करून द्यावी. मुले ती समजुतीने घेतात, कारण तीत त्यांच्या कौशल्याचा मानही राखला जातो.

या विषयाचा सर्वांत चांगला पाठ पावसाळ्यात नव्हे, चैत्र-वैशाखात देता येतो. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर वरच्या इयत्तेतील मुलांस घेऊन शिक्षकाने गावच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरावे. जुलैत ज्या डोहात ती उड्या टाकतात त्याचा तळ त्यांस उघडा दिसेल: मध्येच उभा असलेला सुळका, पुरात वाहून आलेले झाडाचे खोड, सिमेंटच्या मोरीचा तुटका तुकडा, वर आलेली सळई. मागील वर्षी जो तळ रिकामा होता तेथे या वर्षी धोंडा येऊन बसलेला असतो. हे पाहून आलेल्या मुलास वेगळे व्याख्यान देण्याची गरज पडत नाही. परत आल्यावर मुलांकडून गावच्या पाणवठ्यांचा नकाशा काढून घ्यावा, आणि त्यात खोलीबरोबर प्रत्येक ठिकाणी बाहेर येण्याची जागा दाखविण्यास सांगावे. जेथे ती दाखविता येत नाही तेथे लाल फुली. ‘उडी कोठून टाकशील?’ या प्रश्नाऐवजी ‘बाहेर कोठून येशील?’ हा प्रश्न विचारण्याची सवय एकदा लागली की मूल पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागते.

पोहणे शिकविण्यास पर्याय नाही, आणि मुलींस त्यातून वगळण्याचे तर काहीच कारण नाही. कपडे धुण्यास, पाणी भरण्यास काठावर त्याच अधिक जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि पाच ते चौदा या वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बुडणे हे तिसरे कारण ठरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्यास प्रतिबंध करण्याच्या कार्यासाठी ठरविला. आपल्याकडे तो ऐन पावसात येतो, त्यामुळे शाळेत त्या दिवशी पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून दाखविणे सोयीचे होईल.

कोणी बुडत असेल तर मुलाने स्वतः पाण्यात उडी टाकू नये. एकास वाचविण्यास गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात, कारण बुडणारा मनुष्य हाती लागेल त्यास घट्ट कवटाळतो. मोठ्याने हाका माराव्यात, काठावर आडवे पडून बांबू, साडी, धोतर किंवा दोर पुढे करावा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा, आणि ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर कळवावे. उडी टाकल्यावर ज्याची मान दुखते किंवा हातपाय बधिर होतात त्यास खांद्यांना धरून उचलू नये; डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून त्यास फळीवर घ्यावे. बाहेर काढलेल्यास उलटे टांगणे, कुंभाराच्या चाकावर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे जुने उपाय घातक आहेत व त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबून दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. ही क्रिया वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रशिक्षित व्यक्तीस शाळेत बोलावून ती शिक्षकांनी हाताने करून शिकावी.

दोर व कॅन यांची तरतूद खर्चाची नाही. पंधरा-वीस मीटर लांबीचा जाड दोर, त्याच्या टोकास बांधलेला पाच लिटरचा बंद कॅन, असा एक जोड नदीकाठच्या घरी आणि एक शाळेत ठेवावा. तो कोठे आहे हे प्रत्येक मुलास ठाऊक असावे, आणि कपाटास कुलूप नसावे. दरवर्षी मे महिन्यात दोघांनी दोन्ही टोके धरून दोर ताणून पाहावा. उंदरांनी कुरतडलेला किंवा उन्हाने कुजलेला असेल तर मृगापूर्वी बदलून घ्यावा.